धनुष्यवालीचा दुसरा भाग

लग्नाच्या पहिल्या वर्षात माझा नवरा माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं आमच्या गावच्या एसटीचा कंडक्टर एका फेरीत बोलायचा. माणूस वाईट नव्हता. पिणं नाही, हात उगारणं नाही, ताटाला नावं ठेवणं नाही. पण बोलणंच नाही. मी देऊळघाटची, भरल्या घरातली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि तोंडाची फटकळ. येऊन पडले संग्रामपूर तालुक्यात, जिथं विहिरीचं पाणीसुद्धा खारं. आई फोनवर विचारायची, "गमते का वं तिथं?" नाही गमत, हे सांगायची लाज वाटायची.

घरात आम्ही दोघंच. सासूबाई थोरल्या दिरांकडे राहायच्या. मी तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत शिकवायला जायचे आणि हे शेतात. पाच एकर कोरडवाहू, सगळी बीटी कपाशी. तेव्हा दुसरं कोणी काही पेरतच नव्हतं.

माझ्या मावसभावाने पुण्यात नवा संगणक घेतला आणि जुना आमच्याकडे आणून टाकला. त्यात एक खेळ होता. राक्षस, किल्ले, जादूटोणा, असला. आपण योद्धा व्हायचं आणि सोबतीला माणसं जमवत मुलूखभर हिंडायचं. एक चिडका म्हातारा जादूगार, एक बुटका लोहार आणि एक धनुष्य चालवणारी बाई. तिचं नाव लांबलचक होतं, आम्ही तिला धनुष्यवालीच म्हणायचो. मुक्कामाला शेकोटी पेटली की हे सोबती बोलायला यायचे. खाली तीन उत्तरं लिहिलेली असत, त्यातलं एक दाबायचं. उत्तर पटलं की सोबत्याचा जीव जडत जाई. धनुष्यवालीशी तर थेट संसार मांडता येत होता.

सगळं इंग्रजीत. हे दहावी करून शेतात गेलेले. पहिल्याच झडीत, शेतात पाय ठेवायची सोय नव्हती तेव्हा, मला शेजारी बसवलं आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "काय म्हणते ते?"

आमच्याकडे 'ती'ला 'ते' म्हणतात. मी धनुष्यवालीचं बोलणं वऱ्हाडीत करून सांगितलं, तिन्ही उत्तरं सांगितली, त्यांनी आकडा दाबला. पुढं ते रोजचंच झालं. पावसात दुपारी, रविवारी संध्याकाळी, लाईट असेल तेव्हा. माझ्याशी न बोलणारा माणूस त्या पडद्यावरच्या बाईशी तास-तास बोलायचा, आणि मधे मी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

एकदा ती म्हणत होती की उद्या घाटात बर्फ पडेल. मी वाचलं, "ते म्हणते, जेवताना तुमी काहीच बोलत नाही, भाजी गोड नाही लागत का?"

हे पडद्याकडे बघत राहिले. मी उत्तरंही माझीच सांगितली. एक, नाही लागत. दोन, लागते, सांगायचं राहून जाते. तीन, मले चवच समजत नाही. त्यांनी दोन दाबलं.

मला काय झालं ते सांगता येत नाही. रात्रीच्या भाकरी थापताना मी आपली एकटीच हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीची कढई पुसून खाल्ली.

मग मी सोकावलेच. जे जे तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, ते सगळं धनुष्यवालीच्या तोंडून विचारलं. माहेरी आठ दिवस राहिले तर चालेल का? तुम्हाला कशाची भीती वाटते? खेळात त्या आकड्यामुळे भलतंच काही होई, हे तलवार काढून कोणाच्या तरी अंगावर धावत जात, पण त्यांनी कधी 'असं काऊन झालं?' म्हणून विचारलं नाही. मला वाटायचं, फसला बिचारा.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. बाया बोलायला लागल्या होत्या. तेव्हा एका रविवारी मी छाती घट्ट करून वाचलं, "ते म्हणते, लेकरू नाही झालं तं तुमी दुसरी कराल का?" आणि मी उत्तरं सांगायच्या आत यांनी तीन दाबलं. पडद्यावर तिसऱ्या उत्तरात 'कधीच नाही' अशा अर्थाचा एकच शब्द होता. मी म्हटलं, चुकून बोट लागलं असेल. पण चुकून का होईना, ते उत्तर मी कित्येक दिवस पदराच्या गाठीत बांधल्यागत सांभाळलं.

खेळाच्या त्या पहिल्या भागाच्या शेवटी राक्षस मेला आणि धनुष्यवालीचं काय करायचं ते विचारलं गेलं. यांनी तिला सोबत ठेवून घेतलं.

त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगते. बियाण्याच्या पिशवीत बिगर बीटीची एक लहान पुडी यायची. कडेनं चार ओळी तिच्या लावायच्या, म्हणजे अळी तिथं जगते आणि बीटीला सरावत नाही. सगळं गाव ती पुडी बांधावर फेकून द्यायचं. हे एकटे लावायचे, लोक हसायचे. पिशवीतल्या चिठ्ठीवर सगळं इंग्रजी होतं. मी म्हटलं, दुकानदारानं सांगितलं असेल.

चार ओळींनी काय होणार? गुलाबी बोंडअळी यायची ती आलीच. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकं. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे कपाशीपाशी दहीभात ठेवतात, सीतादही म्हणतात त्याला. त्या वर्षी मी दहीभात कालवून डबा भरला, तर हे म्हणाले, "कायले?" एवढंच. डबा तसाच आंबला. पुढच्या साली उभ्या कपाशीत नांगर घातला. नंतर हे उंबऱ्यावर बसायला लागले. सकाळी शाळेत जाताना बसलेले, परत आले तरी तिथंच. मी फवारणीचं औषध उचलून शेजारच्या काकूंकडे कुलपात ठेवायला दिलं. मला भीती वाटत होती, काय लपवायचं त्यात. वर्गात पोरांना कविता शिकवताना रस्त्यावर कोणाची मोटरसायकल थांबली तरी मी खडू टाकून खिडकीशी धावायचे.

संगणकावर केव्हाची धूळ होती. मला वाटायचं, हा माणूस पुन्हा त्या खुर्चीवर बसला तर बोलेल. बोलला तर राहील.

दिवाळीला मावसभाऊ आला तेव्हा मी त्याच्या मागे लागून त्या खेळाचा दुसरा भाग मागवला. तो हसला, "ताई, तू अन् खेळ?" पण आणून टाकला. भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी यांचा हात धरून त्यांना अक्षरशः ओढत खुर्चीवर बसवलं.

पहिल्या भागाची नोंद संगणक दुरुस्त करताना पुसली गेली होती. अशा वेळी दुसरा भाग सुरुवातीलाच विचारतो की आधी काय घडलं ते तुम्हीच सांगा. राजाला मारलं की माफ केलं? माफ केलं. पूल वाचवला का? वाचवला. मग धनुष्यवाली. एक, तुम्ही तिच्या गावी गेलात. दोन, तिला सोबत ठेवलं. तीन, तिला तिच्या घरी परत धाडलं.

यांनी तीन दाबलं.

"चुकलं तुमचं," मी म्हटलं. "आपण तं सोबत ठेवलं होतं तिले."

"नाही चुकलं. माह्यासंग राहून वाटोळं झालं असतं तिचं."

खेळ सुरू झाला. मोठं शहर, दगडी वाडा, आणि धनुष्यवाली तिथल्या पहाऱ्याची मुख्य झालेली. अंगावर भारी कपडे. आमच्या योद्ध्याला तिनं विचारलं की आपण कुठं भेटलोय का. मी वाचलं, "ते म्हणते, मले न इचारताच काऊन धाडलं?"

"तसं नाही लिहिलं तिथं," हे म्हणाले.

आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ती इंग्रजी ओळ वाचली. अडखळत, शाळेतल्यासारखी, पण बरोबर.

बियाण्याची चिठ्ठी आठवली. ते तीन नंबरचं उत्तर आठवलं. इतकी वर्षं मी काय काय विचारलं, भाजीपासून लेकरापर्यंत, आणि हा माणूस मलाच उत्तर देत होता, सगळं समजून. दुसरी एखादी बाई आनंदानं वेडी झाली असती. मी मात्र लाजेनं आणि रागानं लाल झाले.

"मंग आजपावतर मले बैताड बनवून राह्यले का तुमी?"

"तू वाचत होती म्हणून मी बसत होतो," ते म्हणाले.

एवढं सरळ वाक्य त्यांनी मला त्याआधी कधी दिलं नव्हतं, आणि मी ते कानावर येऊन खाली पडू दिलं. माझं डोकं असंच आहे, एकदा भडकलं की भडकलं. मी म्हटलं, "ठीक हाये. आता जसं लिहिलं तसंच वाचीन."

त्यांनी एक उत्तर दाबलं, तू सुखी आहेस का, असं. धनुष्यवाली बोलली. ओळ पडद्यावर आली. त्यांना वाचता येत होती, हे आता दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते ते?"

तिचं नाही, माझं विचारत होते ते. आणि मी, शाळेत फळ्यासमोर बोलते त्या शुद्ध मराठीत, एक शब्दही इकडचा तिकडे न करता सांगितलं, "मी बरी आहे. मला घर आहे, काम आहे. मी कुणाची वाट पाहत नाही."

"चांगलं हाये मंग," म्हणाले आणि संगणक बंद केला.

आठव्या दिवशी मलकापूरहून रेल्वेनं ते सुरतला कापडाच्या मिलमध्ये कामाला गेले. शेत थोरल्या दिरांना ठोक्यानं, वर्षाच्या ठरावीक पैशावर, कसायला दिलं. मला म्हणाले, तुला नोकरी आहे, देऊळघाट आहे, तुझं चांगलं होईल. मी विचारलं, "सोडून चालले का मले?" तर पिशवीचा बंद बांधत राहिले. त्यांना खाली लिहिलेली तीन उत्तरं लागायची, ती तिथं नव्हती.

लोक म्हणाले, जिवंत तर आहे, त्यात समाधान मान. मानते की. ज्या घरचा माणूस दुसऱ्या वाटेनं जातो तिथं चार लोक येऊन बसतात, पंचनामा होतो. रेल्वेनं गेलेल्या माणसासाठी कोणी चहालासुद्धा येत नाही. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. "बरी हायेस ना?" "बरी हाये." संपलं. मग महिन्यातून एकदा. दोन दिवाळ्या गेल्या, ते आले नाहीत. मी देऊळघाटला गेले नाही. आई रडली, भाऊ भांडला, नाही गेले.

शेवटी एका सुट्टीत मी एकटीनं तो दुसरा भाग उघडला. तिसऱ्या प्रश्नाला दोन दाबलं, सोबत ठेवलं. तर या वेळी वाडा नाही, भारी कपडे नाहीत. धनुष्यवाली पहिल्यापासून योद्ध्याच्याच शेजारी, एक हात भाजलेला, पायात फाटके जोडे. सारखी कुरकुर. रस्ता चुकला, पाणी संपलं, तुझ्यामुळे झालं. आणि दर मुक्कामाला शेकोटी पेटवायला तीच पुढं. मला हे चाललं असतं. हेच पाहिजे होतं मला.

पोळ्याच्या दिवशी त्यांचा फोन आला. "बरी हायेस ना?" झालं. मी म्हटलं, "दुसरा भाग खेळून राह्यली मी. तिले तुमच्यासंग ठेवलं."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मंग?" ते म्हणाले. "काय म्हणते ते?"

पडद्यावर ती घोड्याच्या नालेबद्दल काहीतरी बोलत होती. मी वाचलं, "ते म्हणते, वाटोळं झालं तं दोघांचं होऊ द्या, पण घरी या."



"तसं लिहिलं हाये तिथं?"

"हाव, तसंच," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग मिलचा भोंगा झाला आणि फोन कटला.

या पोळ्याला त्या फोनला दोन वर्षं होतील. अजून आले नाहीत.