साधनाबाईचे इशारे

लोहाऱ्यात कुजबुज अशी होती, की साधनाबाई लोकांच्या नवऱ्यांना इशारे करते. रोज नवा गडी स्कुटीवर मागे. चौकात उतरवला, की त्याच्याकडे बघत तळहात खाली-खाली. बाई पन्नाशीला टेकलेली, पण वेणीत अजून गजरा. बोलणाऱ्यांना आणखी काय हवं? मला ही बातमी जिथे जिथे मिळाली, तिथे चहाही मिळाला.

सूतगिरणी बंद पडली तेव्हा इतरांबरोबर साधनाबाईचंही काम गेलं. पण तिला घरात बसवेना. गिरणीतल्या एकेका गड्याला मागे बसवायची, कारखान्याच्या दारी न्यायची, चिकटवून यायची. चिकटत नव्हता तो सेवादास. दोन ठिकाणी गेला, दोन्हीकडून हाकलला. शुक्रवारी ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येणार होती. तोवर काम लागलं नाही, तर बायको-पोरीसकट त्या गाडीत. म्हणजे पोरीची दहावी तिथेच संपली.

गुरुवारी दालमिलला निघताना त्याची बायको सुखीबाई दारात आडवी आली. साधनाबाईला कळावं म्हणून घरची बंजारा गोरबोली सोडून मराठीत म्हणाली, “हे बाई तुमाले कायचे इशारे करते?”

“काही नाही,” सेवादास असा बोलला, की अंगणातली कोंबडी उडाली.

“मंग वरडता काहून?”

साधनाबाई स्कुटीवरूनच म्हणाली, “सुखीबाई, तुमचा हिरो मले फुकटातबी नको. बसा मागं, आपल्या डोयानं पाहा.”

तिघं एकाच स्कुटीवर निघाले. मधे कोण बसली, ते सांगायला नको.

दालमिलच्या ऑफिसात सेवादास आत, दोघी काचेबाहेर.

“आधी कुठं होता?” मॅनेजरनं विचारलं.

“सूतगिरणीत साहेब.”

त्या आवाजानं मॅनेजरनं खुर्ची मागे सरकवली. “भांडाले आला का गा?”

काचेबाहेर साधनाबाईचा तळहात खाली गेला. सुखीबाईनं तो पाहिला. मॅनेजरनंही.

“ते बाई कोन? काय सांगून राह्यली तुले?”

सेवादासनं घाम पुसला. हे तो घरीही बोलला नव्हता. बहिऱ्याला मशीनवर कोण ठेवतं?

“साहेब, गिरणीच्या आवाजानं मले कमी आयकू येते. मी वरडतो थे मलेच समजत नाही. थे बाई सांगते. गिरणीत आमी हातानंच बोलत होतो. थे बाई तेव्हा कानात कापसाचे बोळे घाले, आमी हासत होतो.”

दार अर्धं उघडं होतं. सुखीबाई ऐकत होती. इतकी वर्षं तिला नवरा तापट वाटत आला होता.

मॅनेजर पेन आपटत बसला. मागून चाळण्यांचा गदारोळ येत होता. “इथं तरी कोनाचं कोनाले आयकू येते? उद्यापासून ये. महिनाभर पाहू.”

बाहेर आल्यावर सुखीबाईनं विचारलं, “बाई, तुमच्या कामाचं काय?”

“पाहू,” साधनाबाई म्हणाली, आणि तिनं स्कुटीला किल्ली लावली. दुसरा गडी चौकात थांबला होता.

इशारे ती करायची, हे खरं आहे. तळहात खाली म्हणजे हळू बोल.