बुटांची पावलं

सत्तर सालानंतरची गोष्ट. मानकोलीच्या अलीकडे आमचं घर. मागे कापड विणायच्या लूमची शेड, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या डाव्या हाताला कापणी झालेलं भाताचं शेत. या सगळ्यात गोल्फ कुठे बसतो? पण ह्यांच्या कॉलेजातल्या मित्राने ह्यांना मुंबईला खेळायला नेलं. पहिल्याच फटक्याला चेंडू जागेवर राहिला आणि गवताचा गड्डा उडाला. सगळे पोट धरधरून हसले. घरात सगळ्यांत मोठ्याने हसणारा माझा नवरा तोंड पाडून परत आला आणि धड जेवेना. मला ते बघवेना.

पुढच्या रविवारी त्याच मंडळींत पुन्हा बोलावणं होतं. सरावाला मित्राने एक काठी आणि पिशवीभर चेंडू दिले होते. सकाळी लूम सुरू झाले की हे अंगणात. एक चेंडू असा सुरेख जायचा की बांधापलीकडे शोधावा लागे. पुढचा गोठ्यात. त्याच्या पुढचा हौदात. म्हैस दुधाला अडायला लागली.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. शेवटी माझं डोकं फिरलं.

"अहो, दर वेळी वेगळेच उभे राहता. मग चेंडू तरी एकीकडे कसा जाईल?"

"उभं राहण्यात काय असतं? सगळं मनगटात असतं."

"मग जरा खाली बघा."

सारवणावर बुटांचे ठसेच ठसे. काही जवळजवळ, काही फाकलेले, काही चेंडूच्या पार अंगावर चढलेले. हे वाकून बघायला लागले. मी रांगोळीचा डबा आणला. पुढचा चेंडू सरळ शेतातल्या आंब्याकडे गेला तशी मी ओरडले, "हलू नका! टाच खाली टेका!" आणि दोन्ही बुटांभोवती रांगोळी ओढली. चेंडूच्या जागी ठिपका, ठिपक्यापासून आंब्याच्या दिशेने रेघ.

इथवर ठीक होतं. पण हे बाजूला झाले आणि माझ्या हाताने सवयीने प्रत्येक पावलाला पाच बोटं काढली. पावलं म्हटल्यावर बोटांशिवाय हात थांबतो होय?

हे बुटांसकट मागे सरकले. "लक्ष्मीच्या पावलांवर पाय देऊ मी?"

"तुमचीच आहेत."

"मघाशी होती. आता नाहीत."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. बघतात तर दाराशीच पावलं आणि बोटं फाटकाकडे. त्यांनी कपाळाला हात लावला. "आगो सूनबाय, लक्ष्मी भायेर कशी चालली? कोनी काडली ही?"

"आई, ती लक्ष्मी नाही, मी आहे," हे म्हणाले.

"मंग तू कुठं चाललास घर सोरून?"

मी सगळं सांगून टाकलं. मुंबईला लोक हसले तेही सांगितलं, कारण हे आईपाशी त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. सासूबाईंनी एकदा लेकाकडे बघितलं. मग खाली बसल्या आणि एकेक बोट आपल्या हाताने पुसून टाकलं. नुसत्या बुटांच्या आकृत्या उरल्या.

"आता ऱ्हा उभा. कोन हसतं तेच बगते."

तेव्हापासून ओट्यावर माझ्या शेजारी सासूबाई बसायला लागल्या. "उजवा पाय रेगंभायेर हाय!" "काठी कशाला आवलतस? मासोली हाय का पलून जायाला?" चेंडू आंब्याकडे जायला लागले. म्हैस निवळली. हे पुन्हा हसायला लागले आणि मला इतका आनंद झाला की मी भात दोनदा करपवला.

रविवारी मीही बरोबर गेले. ह्यांनी आधी काठी चेंडूमागे टेकवली, लांबच्या झाडाकडे पाहिलं. मग एक पाय उचलून ठेवला, दुसरा उचलून ठेवला. ती रांगोळी फक्त आम्हा दोघांनाच दिसत होती. मागे कोणीतरी खुसखुसलं. काठी फिरली आणि चेंडू सरळ, अगदी सरळ गेला. मी भर मैदानात टाळ्या पिटल्या.

"कोच कोण तुझा?" मित्राने विचारलं.

"घरच्याच आहेत. दोघी." आणि हे असे गडगडून हसले की सगळं मैदान वळून बघायला लागलं.

दिवेलागणीला घरी पोचलो. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं होती. मोठाली, बिनबोटांची, बुटांच्या आकाराची, सगळी घराकडे येणारी.

"आई, सरळ गेला चेंडू! पण तुला आधीच कसं कळलं?"

"मना कुठं काय कललं? मी तं सकालीच काडली, तुमी गेल्याव. चेंडू कुठं पन जाव. तू घरा येशील ना?"

 हे एकेका पावलावर बूट नीट ठेवत आले आणि तसेच उंबरा ओलांडून आत गेले. आमच्याकडे चपलेलाही घरात मज्जाव होता. त्या संध्याकाळी सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही.