चौसाळा ते बीड, तीनदा बंद पडलेली गाडी

गेल्या गुरुवारी सकाळी चौसाळ्याहून बीडला जाताना माझी गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती...

गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलीय. काकांची जुनी हॅचबॅक, तिच्यात मी भंगारातलं मोठं इंजिन बसवलं. इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, पण ही गाडी स्वतःच्या हातानं उभी केली याचा लई माज होता मला.

महिनाभर तिचं एकच दुखणं. दहा-पंधरा किलोमीटर मस्त पळायची, मग धक्के खायची आणि मरायची. थोडा वेळ उभी केली की परत चालू, जसं काही झालंच नाही. मी ठरवून टाकलं, टाकीतून इंजिनाला पेट्रोल देणारा पंप गेलाय.

चौसाळ्याचे सलीमचाचा, ज्यांच्या गॅरेजमध्ये मी सगळं शिकलो, ते म्हणाले, "पंपाला कावून बदनाम करतो बे? आधी चालत्या गाडीत प्रेशर बघ. उभ्या गाडीला समदेच पंप पैलवान असतात." मी ऐकतोय होय! त्यांच्याशीच भांडलो. बुधवारी नवा पंप टाकला, फिल्टर बदलला. तरी निघताना त्यांनी प्रेशरचं मीटर काचेसमोर बांधून दिलंच.

एवढी घाई, कारण गुरुवारी एका मुलीला बीडच्या स्टँडवर सोडायचं होतं.

ती आमच्या गावच्या दूध डेअरीत, सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट काढायची. यंदा पाऊस नाही, चारा नाही, जनावरं सगळी छावणीला गेली. आधी कॅन अर्धे यायला लागले, मग यायचेच बंद झाले, आणि संस्थेनं डेअरीला कुलूप लावलं. तिला पुण्याकडच्या एका डेअरीत काम मिळालं. अकराची एसटी होती.

दोन वर्षं माझ्या मनात काय आहे ते तिला माहीत होतं. मी बोलत नव्हतो. आदल्या दिवशी तीच म्हणाली, "तुला काय बोलायचं ते उद्या गाडीत बोल. बीड येस्तोवर येळ हाय तुला."

म्हणजे माझ्याकडं साधारण एक तास होता.

चौसाळा सोडलं तेव्हा काटा तीनवर. मी मनात वाक्य जुळवत होतो, डोळे मात्र मीटरवर. अडीच... दोन... दीड. धक्के. बंद.

बोनेट उघडलं, वायरी हलवल्या, पंपाचा रिले बदलला. पंधरा मिनिटांनी चालू झाली. पुढं मांजरसुंब्याच्या अलीकडं परत तेच. आता मात्र माझं डोकं फिरलं. पाना फेकला, टायरला लाथ मारली, पंपवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. ती रस्त्याच्या कडेला ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती. सावलीला झाड नव्हतं.

मग तीच शांतपणे म्हणाली, "पेट्रोलचं झाकण उघडून बघ की. आमच्या डेअरीत टाकी उपसताना वरचं झाकण आधी उघडतेत. एकदा ड्रायव्हर इसरला, तर स्टीलची टाकी आत बसली. तुज्या टाकीत हवा कुठून जाती?"

मी काय म्हणावं?

"तू दुधाचं फॅट बघ. गाडीचं मला कळतंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मागच्या सीटवरची बॅग काढली. "मला भांडायला येळ न्हाई. गाडी चुकंल," एवढंच म्हणाली आणि समोरून आलेल्या काळ्या-पिवळ्या जीपला हात केला. मी अडवलं नाही. रागात होतो ना...

पंधरा मिनिटांनी गाडी चालू झाली. घाट उतरलो आणि बीड दिसायला लागलं तिथं तिसऱ्यांदा मेली. आसपास कुणी नव्हतं. म्हणून लाज सोडून झाकण फिरवलं.

सूंऽऽ करून टाकीनं हवा ओढली. किती वेळ ओढत होती... एखाद्या माणसानं श्वास घ्यावा तशी.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी उडू नये, धूळ जाऊ नये म्हणून आम्ही सगळे ड्रमच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची चकती लावतो. दीड महिन्यापूर्वी पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा मी तीच चकती सोल्युशन लावून पेट्रोलच्या झाकणात चिकटवली होती. पेट्रोल उडू नये म्हणून! टाकीतली वाफ जिरवणारा डबा तर इंजिन बसवताना मीच काढून त्याची नळी बुजवलेली. टाकीला हवा जायला झाकणाचं तेवढं एक भोक होतं, तेही मी बंद केलं. पंप बिचारा ओढून ओढून दमत होता; उभी केली की हवा कुठून तरी झिरपायची आणि गाडी परत चालू व्हायची. जुनाही, नवाही.

चकती उपटून काढली. मग काटा तीनवरून हलला नाही.

स्टँडवर पुण्याची गाडी अजून लागलेली होती. ती खिडकीत. मी खाली उभा राहिलो.

"झाली का चालू?"

"झाली."

"काय झालं होतं?"

दोन वर्षांचं सगळं राहू द्या. तेव्हा फक्त एक शब्द बोलायचा होता. माझ्या बोटांना चकतीचं काळं सोल्युशन चिकटलेलं होतं, तिनं ते बघितलंही. तरी मी म्हणालो, "पंप."

ती "बरं" म्हणाली. कंडक्टरनं घंटी मारली.

तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. तीच गोष्ट सहन होत नाही. बिघाड असता तर निदान दोष द्यायला काही तरी असतं... आता कुठंच जावंसं वाटत नाही. डेअरीवरून तर नाहीच. सलीमचाचांना जाऊन सांगितलं, ते हसले नाहीत, चहा मागवला. त्यांचे उपकार आहेत.

तिला फोन लावायची हिंमत नाही. इथं मात्र ती अजून माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे. वाचत असशील तर, पंप चांगला होता. झाकणच होतं. तू सांगितलंस तेव्हा मी नुसतं फिरवायला पाहिजे होतं.