गोळीचं पेटंट संपलं त्या आठवड्यात

माझं लातुरात मेडिकल आहे आणि माय लोह्याला राहते. तिला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली, रोज एक. गोळी गुणाची, पण भाव असा की गिऱ्हाइकाला सांगताना मीच खाली बघायची. मायला मी दर महिन्याला पाकिटं पोचवत होते. तरी तिची साखर उतरेना. डोळ्यांवर, किडनीवर जाईल, असं डॉक्टर दोनदा बोलले. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते.

एकदा न सांगता गेले, तर माय ओसरीत बसून अडकित्त्यानं गोळी कापत होती. अर्धी तोंडात टाकली, अर्धी डबीत ठेवली.

"हे काय चाललंय माय?"

"अर्धीनं बी भागतंय की."

मी तिला चिकट म्हणाले. आणखीही बरंच काही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

मग गेल्या वर्षी कळलं, त्या गोळीचं पेटंट संपतंय. औषध शोधणाऱ्या कंपनीला अर्ज केल्यापासून वीस वर्षं हक्क मिळतो. तोवर ते दुसऱ्या कुणी बनवायचं नाही. त्यातली बरीच वर्षं तपासण्यांतच जातात, मग उरलेल्या वर्षांत भाव लावताना कंपनी कशाला लाजेल! मुदत सरली की मात्र परवाना घेऊन कुणीही बनवावं. मी त्या तारखेची वाट घरच्या लग्नासारखी बघत होते.

त्या आठवड्यात दुकानात औषध कंपन्यांच्या एमआर लोकांची नुसती रीघ लागली. औषध तेच, कुणाची गोळी गुलाबी, कुणाची पिवळी, नावं तर काय विचारू नका. प्रत्येकाची म्हणे सगळ्यांत भारी. भाव धाडकन खाली आला. मला इतका आनंद झाला की मी तीन महिन्यांची पाकिटं पिशवीत कोंबली आणि लोह्याची बस धरली.

मायनं पिशवीला हात लावला नाही. भाव तेवढा दोनदा विचारला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"मेडिकलात. गोळ्या आणाया."

"अगं, मी आणल्यात ना!"

"तू आणायचीस म्हणूनच अर्धी खात होते. लेकीच्या घरचं पाणी बी घेत न्हाईत आपल्यात, अन् मी दर म्हैन्याला तुझं दुकान खाऊन राहिले. अख्खी गिळायला लई जड जायचं बघ."

हिला मी चिकट म्हणाले होते. असले रिवाज मला मुळीच पटत नाहीत, एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी मात्र तिच्यामागून चालत गेले. तिनं दूध विकून आलेल्या पैशांतून दोन पाकिटं घेतली, बिल मागून घेतलं आणि घरी येऊन माझ्यासमोर अख्खी गोळी गिळली. माझी पाकिटं मी निमूट लातूरला परत आणली.

तीन महिन्यांनी तपासणीत साखर चांगली उतरलेली निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वर-खाली बघितला आणि विचारलं, "औषध बदललंत का आजी?"

"न्हाई साहेब," माय म्हणाली, "औषध तेच हाय. पर आता माझ्या पैशाचं हाय."