गायरानातलं पुण्य

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमचा अख्खा लातूर जिल्हा शेतात जातो. काळ्या आईची पूजा होते, आंबील शिंपडतात, आल्यागेल्याला हात धरून जेवायला बसवतात. दुसऱ्या दिवशी त्याच काळ्या आईच्या अंगावर थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास, गुटख्याच्या पुड्या. मला शिसारी येते. पूजेची नाही, पूजा आटोपून पाठ फिरवणाऱ्यांची.

मी गुरांचा डॉक्टर. निवृत्त झालो तेव्हा मुलगा म्हणाला, पुण्याला या, आराम करा. मी देवणीजवळच्या या गावातच राहिलो. सकाळी गोणी घेऊन गायरान वेचतो. पारावरचे विचारतात, "डाक्टरसाब, भंगारचा धंदा टाकलाव काय?" मी गोणी उचलून पुढं होतो. उत्तर दिलं तर शिवीच निघेल.

गेल्या येळवशीनंतर शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांची एकच गाय, पांढरी, काळ्या तोंडाची, त्यातून गाभण. तिच्या दुधावर घर चालायचं. पोट टम्म फुगलेलं, रवंथ बंद.

"वाचंल का वो?"

"कापावं लागेल. भरवसा देत नाही."

उभ्या गायीची डावी कूस बधिर केली, कापली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. जन्म शेणामुतात गेला माझा, पण त्या वासानं मला ओकारी आली. कॅरीबॅगांना पीळ पडून झालेला गोळा बाहेर आला, बादलीत मावेना. हे एका येळवशीचं नव्हतं, वर्षानुवर्षांचं होतं. त्यातल्या एका पिशवीचं तोंड हिरव्या काठाच्या चिंधीनं आवळून बांधलेलं, गाठ अजून शाबूत. सोडली, तर आत काळा पडलेला नैवेद्य.

मावशींनी ती चिंधी हातात घेतली. "माझ्याच लुगड्याची हाय," त्या म्हणाल्या. "दर अमुशाला निवद बांधून गायरानात ठिवते. कुनाच्या बी गायीनं खावं म्हनून."

मी सुईत दोरा ओवला. टाके घालायला घेतले.

त्यांचा मुलगा लातूरला नोकरीला. तो नाकाला रुमाल लावून उभा होता. मी टाके घालतोय तोवर त्यानं बादली उचलली आणि कुंपणापलीकडे गायरानात पालथी केली.

"अरे, दुसऱ्याची गाय मारायचीय का तुला?" मी ओरडलो.

"सगळेच टाकतात, काका. आपल्या आवारात घाण कशाला?"

शिकलेलं पोर! मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचा टाका घालून रक्ताच्या हातांनीच कुंपण ओलांडलं आणि तो गोळा परत उचलून आणला. त्या पोराची किळस त्या गोळ्यापेक्षा जास्त येत होती.

गाय दोन-तीन दिवस मान टाकून होती. मावशी गोठ्यातून हलल्या नाहीत. मग एका सकाळी तिचं तोंड हलू लागलं, रवंथ सुरू झाला आणि मला भरून आलं. नोकरीत कधी असं झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मावशी आपली गोणी घेऊन गायरानात आल्या. वाकून वेचू लागल्या. तेवढ्यात रस्त्यानं त्यांचा मुलगा मोटारसायकलवर लातूरला निघालेला. आईला पाहिलं, मान फिरवली आणि गाडी दामटली.

"मावशी, पोराला लाज वाटतेय तुमची."

"वाटू द्या," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "मला वाटायला लई उशीर झाला."