कलमाची गाठ

‘कोअलेस’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मी आजवर पाण्यात पाणी मिसळावं तसं एक होणं, असाच धरून चाललो होतो. आज शब्दकोशात त्याचं लॅटिन मूळ दिसलं: सोबत वाढणं. त्याच्याही मागे पोसण्याचा अर्थ. म्हणजे या शब्दाला मुळात घाई नव्हतीच. ती माझी होती.

खिडकीबाहेर मुक्ता आंब्याच्या कलमाची प्लास्टिकची पट्टी सोडत होती. रायवळ रोपावर हापूसची काडी बांधली की जोड धरेपर्यंत पट्टीला हात लावायचा नसतो. घाई केली की काडी सुकते, आणि आमच्याकडे घाई सगळ्यांनाच असते.

मुक्ता माझ्या बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी. मला ‘काका’ म्हणते. त्या जागी दुसरा शब्द येईल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली.

“काका, जोड धरलाय! पण ही गाठ जाणार नाही का?”

“नाही. झाड कितीही मोठं झालं तरी दिसते ती.”

“मग असू दे,” म्हणत तिने मुळाशी पाणी घातलं.