चौथ्या ड्रमातली हळद

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि हे मी जिथं तिथं सांगते. कंपनीनं मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. वसमतजवळच्या आमच्या गावातून, घरी बसून काम. बोली संपायला चार दिवस उरले होते. दिलेलं काम चाललं तर नोकरी पक्की, न्हाई तर रामराम.

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं अनेक कॉम्प्युटर बसवतात. प्रत्येकाला वाटतं, सगळं मशीन माझंच. नव्या प्रोसेसरला एका हुकमात सोळा बेरजा करता येत होत्या. तेच हुकूम आतल्या कॉम्प्युटरांनाही वापरता यावेत, एवढं मला करायचं होतं. एकच चालवला की बेरजा बराबर. दोन सोबत चालवले की चुकायच्या. दोन दिवस डोकं फोडून घेतलं.

"बाई, काहून तोंड पाडून बसलीस?" बाबांनी विचारलं.

"एका हुकमात सोळा बेरजा करायला शिकवून राहिले मशीनला."

"मग चल शेतात, आपला कुकर बघ. एक जाळ, चार ड्रम!"

हळद शिजवायच्या आमच्या कुकरला आधी तीनच ड्रम होते. चौथा बाबांनी नुकताच जोडलेला, त्याचं त्यांना भारी कौतुक. सकाळी शेजारच्या काकूंचे गड्डे, म्हणजे हळदीचे मूळ कंद, शिजवून झाले होते. आता आमची हळकुंडं वाफेवर होती. शिजल्यावर बाबा एकेक ड्रम उलटा करत गेले. तीन झाले. या खेपेला त्यांना चौथाही आठवला; त्यातून आमच्या ढिगावर पडला गड्ड्यांचा लगदा.

"अवं दादा, हे तर माझे गड्डे!" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "दोनदा शिजवले व्हय? आता ही हळद ज्या नवरीला लागंल ती वर्षभर पिवळीच राहायची!"

सवयीनं बाबांनी काकूंचे तीनच ड्रम रिकामे केले होते. सवयीनंच आमचेही तीनच भरले. वाफ मात्र चारही ड्रमांत सोडली.

मी हसता हसता थांबले. आतल्या एका कॉम्प्युटरची पाळी संपली की त्याचे आकडे प्रोसेसरमधून काढून बाजूला ठेवायचे, मग दुसऱ्याला जागा द्यायची. नव्या हुकमांसाठी प्रोसेसरमध्ये नवे, रुंद कप्पे आले होते. मी आकडे काढत होते जुन्याच कप्प्यांतून! नव्यातले तिथंच राहायचे आणि दुसऱ्याच्या बेरजेत जायचे.

चप्पल हातात घेऊन धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, पळत घरी आले. नवे कप्पेही रिकामे करायला लावले. दोन कॉम्प्युटर चालवले, मग आठ. एक बेरीज चुकली असेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा मेल आला: काम घेतलं, नोकरी पक्की. मी वाचून दाखवला तसे बाबा उठून पाराकडेच निघाले. "माझ्या एका चुकीनं पोरीला नोकरी लागली," असं भेटेल त्याला सांगत.

काकूंनी अंगणातूनच हटकलं, "चूक तुमची असंल दादा, गड्डे माझे होते! पेढे आधी इकडं."